उंबऱ्यावरचे पाच ठोके

आबा,

तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होतो. नंतर शाळेत गेलोच नाही, त्यामुळे माझं अक्षर अजून सातवीतलंच आहे, सांभाळून घ्या. मी हल्ली नवी मुंबईत, नेरूळला असतो. मधे पिंपरीला होतो, भिवंडीला होतो, रबाळ्याला एका कारखान्यात डबे पॅक करत होतो. तुम्ही म्हणायचा तसं, पायाला भिंगरी. एका जागी जीव लागत नाही म्हणून निघावं, तर पुढच्या जागी तो माझ्या आधीच जाऊन तोंड फिरवून बसलेला असतो. पण इथे टिकलोय. एका सोसायटीच्या तळमजल्याला दुकानाचा गाळा आहे, एका अंगाला पिठाची गिरणी, दुसऱ्या अंगाला झेरॉक्सवाला. आमच्या गाळ्यात बँडच्या चिजांचं नोटेशन कॉम्प्युटरवर लिहून छापून मिळतं. मालकांना मी सर म्हणतो. ते आधी शाळेत संगीत शिकवायचे, ती नोकरी सोडून त्यांनी हे मशीन घेतलं. रबाळ्याला असताना मी सुट्टीच्या दिवशी लग्नांत साइड ड्रम वाजवायला जायचो. एका लग्नात क्लॅरिनेटवाल्याचा कागद वाऱ्यानं उडाला, मी तो उचलला आणि बरोबर त्याच ओळीवर बोट ठेवून त्याच्यापुढे धरला. वऱ्हाडात सर होते, त्यांनी ते बघितलं. नोटेशन कुठे शिकलास, म्हणाले. मी म्हटलं, घरी, चुलीपाशी. ते हसले. त्यांना वाटलं मी मस्करी करतोय.

पण तसंच तर होतं. ताशा घरात वाजवला की शेजारचे भांडायला यायचे, म्हणून चुलीपुढे ज्वारीचं अर्धं भरलेलं पोतं, आणि त्या पोत्यावर तुमच्या काड्या. आई भाकरी थापतेय. तुम्ही मला म्हणताय, तिच्या हातावर कान ठेव, एक थाप म्हणजे एक मात्रा, चार थापांची एक खोली. पहिल्या तीन थापांत तुम्ही साधं वाजवता आणि चौथ्या थापेत, जिथे कुणीही चार ठोके मारेल तिथे, तुम्ही पाच बसवता. पाचही आत, एकही बाहेर लोंबत नाही. आई वैतागते. ‘मी भाकरी थापू का तुमचा ताल धरू?’ म्हणते आणि मुद्दाम हात थांबवते. तुमच्या काड्या हवेतच राहतात. मग तुम्ही हसता, मला म्हणता, बघ, खरी मास्तरीण ही, हिनं हात थांबवला की बँड बंद. तुम्हाला मिलिटरीतून रिटायर झालेल्या मास्तरांनी शिकवलं होतं, पण त्यांच्यासारखं तुम्ही मला शिकवलं नाहीत. कोळशानं भिंतीवर आडव्या रेघा ओढल्यात, त्यांना छेदून उभ्या. उभी रेघ म्हणजे उंबरा, दोन उंबऱ्यांच्या मधे खोली, अशी एसटी स्टँडमागच्या आपल्या चाळीसारखी लांबच लांब ओळ. एका खोलीत चार मात्रांचाच संसार. ‘उंबऱ्यावर कुणी झोपायचं नाही. लाइट गेली की येणारा तुडवून जातो.’ मला क ख ग यायच्या आधी काळे ठिपके आणि पांढरे ठिपके यायला लागले.

आणि ती मिरवणूक. भर दुपार, पुढे फटाके, मागे नाचणाऱ्यांचा गोंधळ, ढोलवाल्याला झांजवाला ऐकू येत नाही. सगळे तुमच्या हाताकडे बघतायत. तुमचा हात डोक्याच्या वर गेला, उन्हात काडीचं टोक दिसलं, की सगळ्यांना कळतं, आता. मी मात्र काडी ताशावर पडण्याची वाट बघत होतो आणि मागे पडलो. चीज संपताच तुम्ही माझं मनगट धरलंत, सगळ्यांसमोर वर नेलंत आणि वरच धरून ठेवलंत. ‘चीज इथं सुरू होते. वर. खाली आल्यावर उशीर झालेला असतो.’ नवरदेवाचे मित्र हसले. मी रडलो. संध्याकाळी घरी आल्यावर तुम्ही तुमच्याच वेताच्या काड्यांतली एक जोडी माझ्या मांडीवर टाकलीत, मुठीशी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेली, आणि आंघोळीला गेलात. चीज वर सुरू होते, हे मी तेव्हापासून असं घट्ट धरलं की त्यानंच परवा मला गोत्यात आणलं. तेच सांगायला बसलोय.

झालं असं की तीन बँडवाले मिळून एक कॅसेट काढायला निघाले. तिघांचे ताशे एकत्र, तिघांचे ढोल एकत्र. तोंडी सांगून जमेना, म्हणून सगळ्यांच्या हातात एकसारखा छापील कागद हवा होता. सर मला म्हणाले, मधे मधे ताशाचा एखादा दमदार तुकडा घाल, तुमच्याकडचा. मी तुमचा घातला, तो पाचवाला. घालताना मी खूश होतो. घातल्यावर लक्षात आलं की तुमच्यामागे आपला बँड मोडला, वाजवणारे पांगले, गावात वरातीला आता बेंजो येतो, तुमचा ताशा तर मामानं कुणाला दिला तेही माहीत नाही. म्हणजे तो तुकडा जगात माझ्या दोन हातांत तेवढा उरलाय. हे एकदा मनात आलं आणि तिथून मी एकेक ठिपका दोनदा मोजायला लागलो.

कॉम्प्युटरवर एक सोय असते. एकदा लिहिलेलं पुन्हा लिहावं लागत नाही. माऊस धरून हवं तेवढं निवडायचं, ते काळं होतं, मग कॉपी म्हणायचं, आणि दुसऱ्या जागी जाऊन पेस्ट म्हणायचं. चिकटलं. तुमचा तुकडा गाण्याच्या सुरुवातीला मी एकेक ठिपका ठेवून लिहिला, तो छान बसला. पुढे तोच तुकडा पुन्हा पुन्हा येत होता, म्हणून तो उचलला आणि पुढच्या जागी चिकटवला, तर फुटला. शेवटच्या पाचांतले काही रेघेच्या अलीकडे, काही पलीकडे. पाच मिळून एक आहेत हे सांगणारा त्यांच्या डोक्यावरचा कंस गायब. मधल्या फटींत विश्रांतीच्या खुणा भरल्या, गुळाला मुंग्या लागाव्यात तशा. पुन्हा केलं तर एक डबी उघडली, तिच्यात इंग्रजी वाक्य. मला त्याचा अर्थ लागेना. आमच्याकडे गाण्यांचे शब्द टाइप करायला सानपाडा गावातल्या एक ताई येतात, त्यांना विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यावरून वाचलं. ‘म्हनतो, हितं बसत नाय.’ आणि आपल्या कामाला लागल्या.

मग मी जे जे सुचेल ते केलं. थोडं कमी निवडून बघितलं, थोडं जास्त निवडून बघितलं. नुसते पाच उचलून नेले, तर त्यांचे भलतेच सुटे ठोके झाले. मशीन बंद करून चालू केलं. सगळं फ्लॉपीवर घेऊन नव्या फाइलीत टाकलं. तिथेही तेच. आणि हे मशीन एकच पाऊल मागे जाऊ देतं. चुकलं की एकदा परत फिरा, दुसऱ्यांदा नाही. त्यामुळे दर वेळी बोट दाबताना वाटायचं, की आता आधीचं बरोबर लिहिलेलंही जाणार. खात्री करायला मी टेबलावर दोन पेनं घेऊन तुकडा वाजवायचो, पुन्हा स्क्रीनकडे बघायचो, पुन्हा वाजवायचो. सोसायटीचे सेक्रेटरी खाली येऊन विचारून गेले, सुतारकाम काढलंय का. वडापाव कागदातच गार झाला.

सर वाईट नाहीत. पण शुक्रवारी वाशीला स्टुडिओ ठरलेला, तीन गावांची माणसं येणार, त्यांचाही जीव टांगणीला. माझ्या मागे उभं राहून त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, ‘टेन्शन घेऊ नकोस. पाचाचे चार कर. कॅसेट ऐकणारा काय बोटं मोजत बसत नाही.’ दारातून वळून आणखी एवढं म्हणाले की नाहीच जमलं तर दादरच्या एका माणसाकडून हातानं लिहून घेतो, मग या मशीनचं आणि तुझं काय करायचं ते बघू. हसत म्हणाले. पण मी त्याच गाळ्यात झोपतो आबा, माझी ट्रंक त्याच मशीनच्या टेबलाखाली आहे.

केलं मी. सुरुवातीचा तुकडा तसाच ठेवून पुढच्या एका जागी पाचाचे चार चिकटवले. लगेच बसलं, एकही डबी उघडली नाही. मशीनला वाजवायला सांगितलं. ते नुसतं टिंग टिंग करतं, त्यात ताशा कुठला, पण तेवढ्यातही कळलं. शाळेतली कवायत. पाय जुळतात, अंगावर काही येत नाही. तसंच छापून दिलं असतं तर शुक्रवार निघून गेला असता, कुणी काही म्हटलं नसतं. पण मग तेच राहिलं असतं. तीन बँडांची पोरं त्या कागदावरून शिकली असती, आणि काही वर्षांनी मीही चारच वाजवले असते, कारण कागद कपाटात असतो आणि माझी आठवण कुठे आहे ते मलाच धड माहीत नाही. मी एक पाऊल मागे गेलो. तेवढं एकच शिल्लक होतं.

आणि मग जे डोक्यात आलं ते आल्यावर मला खुर्चीत बसवेना. मशीनला मोजता येतं. मशीन म्हणतंय या खोलीत एवढी माणसं मावत नाहीत. मग चुकतंय कोण? मला नीट आठवत नाहीये, की तुम्हीच इतकी वर्षं अर्धी मात्रा जास्तीची वाजवत होता आणि ढोलवाले तुम्हाला सांभाळून घेत होते? मी कोपऱ्यावरच्या पीसीओवर गेलो आणि आपल्या वाण्याच्या दुकानात फोन लावला. त्यानं आईला बोलावणं पाठवलं. ती धापा टाकत आली, तिला वाटलं माझं काही बरंवाईट झालं. मी विचारलं, आबा पोत्यावर वाजवायचे तो तुकडा, त्यातले शेवटचे ठोके पाच होते ना?  ती म्हणाली, ‘पाच व्हते का सहा, मला काय ठावं? माझं ध्यान तव्यावर.’ मी म्हटलं, पण हात तर तुझाच होता, ताल तर तूच धरायचीस. ‘मी भाकरी थापत व्हते, बाबा. ताल ते धरायचे.’ आणि मग, जेवलास का. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. म्हणजे विचारायला जे एक माणूस होतं तेही संपलं.

परत आलो तर ताई डबा उघडून बसलेल्या. ताईंचे वडील अजून खाडीत होडी घालतात, त्यामुळे डब्यात जवळा नाहीतर बोंबील ठरलेला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, काय रं, तोंड सुकटीवानी कशाला केलंस, बस, दोन घास खा. मी नको म्हटलं. तशी डबा बाजूला सारून म्हणाल्या, बरं, तुजा तो तुकडा काय हाय, वाजव बगू. मी पेनं घेतली आणि वाजवला. पुन्ना, म्हणाल्या. मी वाजवला. तिसऱ्या वेळी मला दिसलं की त्या टेबलाकडे बघत नव्हत्या, माझ्या हाताकडे बघत होत्या.

‘हात वर नेतोस तो पन लिवलास का तू?’

मी म्हटलं, हो, तिथूनच तर सुरू होतं. आवाज नाही म्हणून विश्रांतीची खूण टाकली, अर्ध्या मात्रेची.

‘कनच्या खोलीत?’

खोली हा तुमचा शब्द, आता आमच्या गाळ्यात सगळेच वापरतात. मी म्हटलं, याच खोलीत, अगदी तोंडाशी. त्यांनी बोटाला लागलेलं तिखट पुसलं आणि दोन्ही हातांनी हवेत वल्हं धरलं. ‘माजा बा वल्हवतो ना, तं वल्हं पान्यातून वर येतं ते आदीच्या फटक्याचं असतं. पुडचा फटका पान्यात सुरू होतो. तुजा हात आदीच्या खोलीतशी वर येतो, रं. याच्यात कशाला कोंबतस त्याला?’

मी स्क्रीनकडे वळलो. गाण्याच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या खोलीच्याही आधी, सरांनी थोडी मोकळी जागा ठेवली होती, पायरीसारखी. तिथे तुमचा वर गेलेला हात पायरीवर उभा होता आणि बाकी सगळे आत नीट बसलेले. म्हणून ते बरोबर होतं. पुढच्या जागांना पायरी नव्हती. मी उचलताना हातापासून उचलायचो, तुम्ही शिकवलं तसं, आणि चिकटवताना खोलीच्या तोंडाशी चिकटवायचो. मग तो हात आत शिरायचा, सगळे अर्धी मात्रा पुढे सरकायचे, आणि सगळ्यांत शेवटी असलेले पाच जाऊन उंबऱ्यावर झोपायचे. चार होते तेव्हा दोन अलीकडे, दोन पलीकडे असे सुटे होऊन मावले, एका कंसातल्या पाचांना तसं फुटता येत नाही. मशीन इतके दिवस मला तुमचंच वाक्य इंग्रजीत सांगत होतं. मी मागच्या खोलीतला शेवटचा एक भरतीचा ठोका काढला, तेवढी अर्धी मात्रा मोकळी केली, तिथे माऊस नेला आणि पेस्ट म्हटलं. बसलं. हात मागच्या खोलीच्या शेवटाला, पाच आपल्या खोलीत, डोक्यावर कंस शाबूत. पुढच्या जागी जायचं मला धाडस होईना. एवढं एक तरी बरोबर आहे, ते जाईल, असं वाटत होतं. शेवटी ताईच म्हणाल्या, आता काय मुहूर्त बगतस?

शुक्रवारी वाशीला गेलो. स्टुडिओत पंख्याला बंदी, सगळे घामाघूम. तीन ताशेवाले, तिघंही तयार माणसं, कागद समोर धरून बसले. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा तुकडा आला आणि तिघं तीन वेळी पडले. फार नाही, केसभर. पण तेवढ्यानं पाचाचे पंधरा ऐकू आले. दुसऱ्यांदाही तेच. तिघांतला एक रबाळ्याला कारखान्यात शिफ्ट करतो, त्यानं कागदावर बोट ठेवून विचारलं, ‘भाई, ये खाली जगह किसलिए है?’  सर म्हणाले, त्या खुणेनंच गोंधळ होतोय, आवाज तर नाहीच तिला, काढून टाकू. आणि खिशातून पेन काढलं.  तुमच्याबद्दल बोलायला गेलो की, आबा, माझं गावठी होतं आणि शब्द एकमेकांवर चढतात. मी नुसता पुढे जाऊन तिघांना दिसेल असा उभा राहिलो. त्यांनी सुरू केलं, ती खूण आली, आणि मी हात डोक्याच्या वर नेला.

तिघं एकदम पडले. ढोलही. सरांनी पेन परत खिशात ठेवलं. मग दिवसभर, जितक्या वेळा तुकडा आला तितक्या वेळा, मी तिथे हात वर न्यायला उभा. संध्याकाळी खांदा भरून आला. कॅसेटवर माझं काहीच ऐकू येणार नाही.

सर खूश आहेत, दादरच्या माणसाचं नाव पुन्हा निघालेलं नाही. ताईंनी बोंबलाचं कालवण आणलं, ते मी खाल्लं. आईला फोन करून सांगितलं की आबांचं जसंच्या तसं छापलं, पाचच होते. ती म्हणाली, मग मला कशाला विचारत व्हतास.

हे मी त्या फुटलेल्या तुकड्यांच्या कागदांवर लिहितोय, पाठकोऱ्या बाजूला. उजेडाला धरलं की मागचे ठिपके माझ्या अक्षरांतून दिसतात. सर असले कागद पुन्हा प्रिंटरला लावतात, म्हणून ते यायच्या आत गोळा करून ट्रंकेत ठेवले पाहिजेत, तुमच्या काड्यांखाली. सगळ्यांना मी जसंच्या तसं म्हणून सांगितलंय. पण मशीननं ते पाच ठोके अगदी सारखे मांडलेत, गिरणीचा पट्टा फिरतो तसे, आणि तुमचे तसे होते की शेवटचे दोन जरा रेंगाळायचे, हे मला सांगता येत नाही. मी आठवायला बसतो. आईची थाप ऐकू येते, पोत्यात ज्वारी सरकते ती ऐकू येते, तुमचा हात वर जातो, मनगटावरचा काळा दोरा दिसतो. पुढचं ऐकू येत नाही, आबा. हात तेवढा दिसतो.